मरणाचा हक्क आणि मॉर्फिनची गोळी

अरुणा शानबाग यांच्या नावाने आपण इच्छामरणाची चर्चा करतो. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि पुढे जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात, वॉर्ड क्रमांक चारलगतच्या एका खोलीत पडून राहिल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला, पण असाध्य अवस्थेतील रुग्णाचे जीवरक्षक उपचार काही अटींवर थांबवता येतील, हे तत्त्व त्याच निकालात मान्य केले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताईंचे निधन झाले.

या प्रकरणाची दुसरी बाजू तितकीशी आठवली जात नाही. केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना बारीक केलेले अन्न भरवले, अंग पुसले, कूस बदलली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काही दिवसांत पाठीवर जखमा होतात; इथे इतक्या वर्षांत एकही झाली नाही, याची नोंद न्यायालयाने कौतुकाने घेतली. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकारही अर्जदाराला न देता या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांचा उपचार थांबवण्याला ठाम विरोध होता. तो बरोबर होता की चूक, यावर मतभेद राहतील. पण मरणाबद्दलचा निर्णय कोणी घ्यायचा आणि मरेपर्यंत सेवा कोणी करायची, हे दोन्ही प्रश्न त्या एका खोलीत शेजारी शेजारी होते. पहिल्या प्रश्नावर देशाने पुढच्या बारा वर्षांत मोठी मजल मारली. दुसरा बहुतेक ठिकाणी होता तिथेच राहिला. त्यामुळे आज आपल्या हाती हक्क आहे, पण तो बजावता येईल अशी व्यवस्था नाही.

कायद्याची वाट आधी थोडक्यात पाहू. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती दिशा बदलली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र मरण सुरूच झाले असेल तर ते सन्मानाने व्हावे, एवढी फट मोकळी ठेवली. 'कॉमन कॉज' या संस्थेने २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी निकाल लागला, तेव्हा त्या फटीचे दार झाले. सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला आणि प्रौढ, शुद्धीवर असलेल्या माणसाला आपल्या शेवटच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवण्याची मुभा मिळाली. हेच लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र.

पण २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती की ती जवळपास कोणीच वापरू शकले नाही. इच्छापत्रावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. पुढे प्रत्यक्ष वेळ आली की वीस वीस वर्षांच्या अनुभवी डॉक्टरांची दोन मंडळे बसवायची आणि शेवटी दंडाधिकाऱ्यांनी रुग्णालयात येऊन रुग्णाला पाहायचे. अतिदक्षता विभागातला माणूस तोवर कसला थांबतो? २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने हे सारे सोपे केले. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित केले की पुरते. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ, जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ, आणि प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचे. इच्छापत्र नसेल, तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने याच मार्गाने उपचार थांबवता येतात, ही गोष्ट बऱ्याच डॉक्टरांनाही अजून ठाऊक नसते.

या सगळ्यात इंजेक्शन देऊन मरण आणण्याची परवानगी कुठेही नाही. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून डॉक्टरांच्या हातून मरण मागता येते. भारतात तो गुन्हा आहे. काही वर्षांपूर्वी गिरगाव भागातल्या एका वृद्ध, निपुत्रिक दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून दोघांसाठी इच्छामरण मागितले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ते या न्यायालयीन लढ्याशी जोडून छापले. त्यांची मागणी वेगळी होती. त्यांना मोठा आजार नव्हता, परावलंबी होण्याची भीती होती. ती भीती खरी आहे आणि तिचे उत्तर समाजाने द्यायला हवे, पण या कायद्यात ते शोधून सापडणार नाही.

मराठी मनात तर इच्छामरण म्हटले की आणखीच वेगळी चित्रे उभी राहतात. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न आणि औषध सोडून देह ठेवला. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केले; पंतप्रधान इंदिरा गांधी भेटीला आल्या, तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. विचारांनी दोन टोकांवरची ही माणसे, आणि दोघांच्याही जाण्याबद्दल महाराष्ट्रात आदर आहे. पण ती दोघे शेवटपर्यंत शुद्धीवर होती, स्वतः 'नको' म्हणू शकत होती आणि भोवतालचे लोक ते ऐकत होते. आज ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा असतो तो माणूस काचेपलीकडे असतो, घशात नळी असते, गुंगीचे औषध चालू असते. बोलतात ते बाहेरच्या बाकांवर बसलेले नातेवाईक. आपल्या परंपरेने आपल्याला मरण स्वीकारायला शिकवले असेल, दुसऱ्याच्या वतीने ते कसे स्वीकारायचे हे मात्र शिकवलेले नाही.

त्या बाकांवर काय चालते ते नीट पाहायला हवे, कारण खरे निर्णय तिथेच होतात. बहुधा आजाऱ्याला काही सांगितलेलेच नसते. 'आईला कळता कामा नये' ही पहिली सूचना डॉक्टरांना मुलांकडून मिळते, आणि आईला सगळे कळलेले असते. तीही मुलांसाठी गप्प असते. मग अचानक श्वास अडतो, रात्री दोन वाजता कागद पुढे येतो आणि नळी घालायची का, हे दहा मिनिटांत ठरवायचे असते. अशा वेळी 'नको' म्हणण्याची हिंमत कोणाला होईल? 'सगळं करा डॉक्टर' हेच तोंडून निघते. पुढच्या दिवसांत भावंडांची मते फुटतात. जवळ राहून चार वर्षे शुश्रूषा केलेली सून म्हणते, पुरे झाले. तिला निर्णयात धरलेलेच नसते. मुलगा शिकागोहून निघालेला असतो, तो पोहोचेपर्यंत सगळे चालू ठेवा, असा निरोप येतो. पुण्या-मुंबईच्या अतिदक्षता विभागांत हे वाक्य नित्याचे आहे. परदेशातल्या डॉक्टरांनी १९९१ मध्येच या प्रकाराचे वर्णन करून त्याला 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी' असे नाव दिले होते. दूर राहिल्याची टोचणी माणसाला अखेरच्या क्षणी सगळे काही करून पाहायला लावते. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. आईचे खालावणे त्याने पायरीपायरीने पाहिलेले नसते, एवढेच.

दुसरा शेवट पैशाचा. ठेवी मोडल्या, दागिने गहाण पडले, आणि एका सकाळी बिल भरणे अशक्य होते. मग छापील अर्ज पुढे येतो: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत, पुढे काही बरेवाईट झाल्यास रुग्णालय जबाबदार नाही. खाली सही. रुग्णवाहिकेत एक भाऊ हाताने फुगा दाबत श्वास देत राहतो. घरी पोहोचल्यावर तो कधी थांबवायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वेदना वाढली तर काय द्यायचे, घरघर सुरू झाली तर काय करायचे, कोणाला फोन करायचा, यातले काही त्या अर्जावर नसते. माणूस गेल्यावर मृत्यूचा दाखला द्यायला गल्लीतला डॉक्टर कचरतो, कारण त्याने रुग्ण पाहिलेला नसतो. भारतात उपचार थांबवण्याचे बहुसंख्य निर्णय आजही असेच होतात. न्यायालयाने आखलेल्या वाटेने जाणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील.

माझी सर्वांत मोठी तक्रार इथे आहे. आपण रुग्णापुढे दोनच दारे ठेवली आहेत: एकतर सगळे काही, नाहीतर काहीच नाही. पैसा संपला म्हणून घरी नेणे याला कोणी रुग्णाची निवड म्हणू नये. उपचार थांबवण्याचा हक्क सोपा होत गेला आणि शेजारी सेवा उभी राहिली नाही, तर तो हक्क गरिबाच्या बाबतीत हात झटकण्याची सोय होऊन बसेल. अपंगांच्या चळवळीतले कार्यकर्ते आणि वृद्धांसाठी काम करणारे लोक हीच शंका बोलून दाखवतात, आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. दोन मंडळांची अट त्यासाठीच आहे.

तिसरे दार अस्तित्वात आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. शेवटच्या आजारात शरीराची वेदना, मनाची घालमेल, घरच्यांची काळजी आणि श्रद्धेचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून सगळ्यांवर एकत्र उपाय करायचा, हा त्यांचा आग्रह होता. भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईतच, वांद्र्याला १९८६ मध्ये निघाले: डॉ. लुईस डिसोझा यांनी स्थापलेले शांती आवेदना सदन. गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनाशुल्क सेवा करते आहे. परळच्या टाटा रुग्णालयात याच विषयाचे एमडीचे शिक्षण २०१२ मध्ये सुरू झाले. म्हणजे सुरुवात करण्यात महाराष्ट्र मागे नव्हता. पसरवण्यात मात्र फार मागे राहिला.

ही सेवा म्हणजे नुसता धीर देणे असा समज आहे, म्हणून तिचे प्रत्यक्ष काम सांगतो. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे सगळीकडे दिसतो. गालावर फुटलेल्या जखमेला इतका वास येतो की नातवंडे खोलीत यायची थांबतात आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका ती जखम मिठाच्या पाण्याने धुते, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून त्यांची भुकटी जखमेवर पसरते. काही दिवसांत वास उतरतो. औषध अगदी स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारे. पण त्यामुळे नातवंडे पुन्हा आजोबांच्या खाटेशी येतात. ती दुखण्यासाठी दर चार तासांनी मॉर्फिन कसे द्यायचे ते घरच्यांना लिहून देते आणि त्यासोबत जुलाबाचे औषधही सुरू करते, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. दर दोन तासांनी कूस कशी वळवायची, ओठ आणि जीभ ओल्या कापसाने कशी पुसायची, ते करून दाखवते.

आणि ती एका प्रश्नाचे उत्तर देते, जो मराठी घरात हमखास येतो: 'म्हणजे उपाशी मारायचं का?' खाऊ घालणे हेच आपल्याकडे मायेचे रूप, त्यामुळे ताट परत गेले की बायकोला स्वतःच दोषी वाटते. परिचारिका समजावते की शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही, भूक आपोआप मरते, बळेच घातलेला घास श्वासनलिकेत जाऊन त्रास वाढवतो. आवडीचा चमचाभर आमरस किंवा चहा ओठांना लावला तरी पुरे. शेवटच्या रात्रीची घशातली घरघर ऐकून घरचे घाबरतात. रुग्णाला कुशीवर वळवावे, त्या आवाजाचा त्याला बहुधा त्रास होत नसतो, हे आधी सांगितलेले असेल तर रुग्णवाहिकेसाठी धावाधाव होत नाही.

मॉर्फिनबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. तीव्र वेदनेसाठी ते आवश्यक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच वेदनाशमनाच्या पायऱ्या आखताना सांगितले. ज्या अफूपासून ते बनते तिची परवान्याने शेती आपल्याच देशात होते, नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात आणि राजस्थानात. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने साठा, वाहतूक आणि विक्रीसाठी इतके परवाने आणि अशा शिक्षा घातल्या की रुग्णालयांनी आणि दुकानांनी ते ठेवणेच सोडले. देशातला वैद्यकीय वापर काही वर्षांत कित्येक पटींनी घटला. डॉक्टरांची एक आख्खी पिढी मॉर्फिन न लिहिताच निवृत्त झाली. २०१४ मध्ये कायदा सुधारला, मान्यताप्राप्त संस्थांसाठी परवान्याची अट सुटसुटीत झाली. तरी तालुक्याच्या ठिकाणी आजही मॉर्फिन मिळणे नशिबाची गोष्ट आहे. लोकांच्या मनातली 'सवय लागेल', 'मॉर्फिन म्हणजे आता संपलंच' ही भीतीही जात नाही. वेदनेसाठी योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने मरण जवळ येत नाही.

केरळने काय केले ते इथे आठवावे. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी एक छोटे वेदना-उपचार केंद्र सुरू केले. रुग्णालयात येऊ न शकणाऱ्यांसाठी गावचेच स्वयंसेवक तयार केले. २००८ मध्ये राज्याने धोरण केले आणि पंचायतींनी परिचारिका नेमून घरोघरी पाठवल्या. मरणाच्या गुणवत्तेची जागतिक तुलना २०१५ मध्ये झाली तेव्हा ८० देशांत भारत ६७ वा होता, पण त्या अहवालाने केरळचा वेगळा उल्लेख केला. केंद्राने २०१२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखला. महाराष्ट्रात काही जिल्हा रुग्णालयांत त्याच्या खोल्या उघडल्या, पण घरापर्यंत जाणारी साखळी तयार झाली नाही. विमा कंपन्याही बहुतेक वेळा रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. म्हणजे घरी शांतपणे जाणे खिशातून आणि यंत्रांत जाणे विम्यातून, असा उलटा हिशेब.

ही सेवा घेतली म्हणजे आयुष्य लवकर संपते, हा गैरसमज तर अभ्यासानेच खोडला आहे. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचे दिवस अधिक बरे गेले, शेवटी जहाल उपचार कमी झाले, आणि त्यांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने भरले, इतरांचे ८.९. एका अभ्यासावरून सगळ्या आजारांना नियम लावता येत नाही, पण वेळीच सुरू केलेली सेवा म्हणजे हार मानणे, असे तरी यापुढे म्हणता येणार नाही.

आता राहते बोलणे, आणि माझ्या मते सगळे त्यावर अडले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून अमेरिकेत गेलेले आत्माराम गावंडे हे शल्यविशारद होते. मानेच्या मज्जारज्जूत गाठ निघाली, तेव्हा एका सर्जनने ताबडतोब शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्याने त्यांना काय वाटते ते ऐकून घेतले. मरणापेक्षा हातपाय लुळे पडण्याचे भय त्यांना जास्त होते आणि अजून काम करता येत होते. त्यांनी थांबायचे ठरवले, आणि ती वाढीव वर्षे त्यांना हवी तशी मिळाली. मुलगा अतुल गावंडे यांनी २०१४ च्या 'बीइंग मॉर्टल'मध्ये हे लिहिले आहे. बाप, आई, मुलगा तिघेही डॉक्टर, तरी वडिलांना हे प्रश्न विचारणे मुलाला फार जड गेले. आणि शेवटच्या दिवसांत एका सकाळी ते जागे होईनात, तेव्हा आईने घाबरून रुग्णवाहिका बोलावलीच. आपल्यासारख्यांना हे जमत नाही याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण विचारायला हवे. आजार किती कळला आहे, सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, काय करता येत असेल तोवर जगावेसे वाटेल, आणि कोणत्या किमतीवर नको वाटेल? उत्तरे माणसागणिक बदलतात. एखाद्या आजींना नातीच्या लग्नापर्यंत कितीही नळ्या चालतील, एखाद्या आजोबांना पेपर वाचता येत नसेल तर एक दिवसही नको असेल.

'काहीही झालं तरी व्हेंटिलेटर नको' एवढे एकच वाक्य लिहून ठेवणे मला पटत नाही. बऱ्या होणाऱ्या न्यूमोनियात चार दिवसांचे यंत्र माणसाला घरी आणते. कोणत्या अवस्थेत काय नको, काय हवे, आणि आपल्या वतीने बोलणारे कोण, हे लिहिण्याचे मुद्दे आहेत. बोलणारा माणूस निवडताना नात्यापेक्षा धीर पाहावा. तुमच्या इच्छेआड स्वतःची भीती येऊ न देणारा हवा. मग भाऊ-सून-मुली एकत्र बसवून त्याचे नाव सगळ्यांसमोर सांगावे. कागद कपाटात राहिला तर वेळेला सापडत नाही, आणि सापडला तरी ज्याने तो पहिल्यांदाच पाहिला तो भांडतो.

सरकारी बाजूला थोडी हालचाल दिसते आहे. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचे इच्छापत्र केले आणि ते सांभाळायला अधिकारी कुठे आहेत, असे विचारत उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले जाऊ लागले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी राज्यातले पहिले इच्छापत्र नोंदवले. कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये अंमलबजावणीचा आदेश काढला. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०२४ मध्ये उपचार थांबवण्याबाबत मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने त्यातून आपल्यावर दडपण येईल अशी चिंता व्यक्त केली. ती चिंता खोटी नाही. पण रुग्णालयांनी मंडळे आधीच नेमून ठेवली, तर रात्री दोन वाजता एकट्या निवासी डॉक्टरवर भार पडणार नाही.

महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याकडे माझे मागणे साधे आहे. प्रत्येक तालुक्यात मॉर्फिन ठेवण्याची मान्यता असलेले एक सरकारी रुग्णालय, घरी जाणारी एक प्रशिक्षित परिचारिका आणि रात्री उचलला जाणारा एक फोन. 'स्वतःच्या जबाबदारीवर' घरी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हातात त्या अर्जाबरोबर हा क्रमांक दिला जावा. आणि वाचकांना विनंती, की इच्छापत्र केलेत तर त्याची प्रत घेऊन आपल्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा आणि ती सांभाळणारा अधिकारी कोण, हे विचारा. कोणी नेमलेला नसेल, तर नेमणुकीची लेखी मागणी करून पोच घ्या. २०२३ च्या आदेशाने ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकलेली आहे.